नाट्य व चित्रपट यांतील समाजदर्शन : मंडईच्या परिसरातून एक पाठ

नाटक हा समाजाचा आरसा आहे, असे आपण निबंधाच्या वहीत नेहमी लिहितो. हे वाक्य इतक्या हातांतून गेले आहे की, झिजलेल्या नाण्याप्रमाणे त्यावरील छाप आता कोणी न्याहाळून पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेच नाणे पुन्हा पारखावयास घेतले आहे. आरसा असेल तर तो कोणाच्या हाती आहे? त्यात कोणाचे मुख दिसते, कोणाचे दिसतच नाही, आणि कोणाचे वेडेवाकडे दिसते? नाटकात व चित्रपटात समाजाचे जे दर्शन घडते, त्याचा विचार करताना हे प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाने स्वतःस विचारले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

या पाठासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या पुणे शहरातील मंडईपासूनच त्यास आरंभ करता येईल. मेथीच्या जुड्या, कोथिंबिरीचे ढीग आणि भाव पुकारणाऱ्या बायाबापड्यांचा गलबला, एवढेच मंडईचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. परंतु या परिसरात नाट्य व चित्रपट यांच्या इतिहासाचे धागे विलक्षण रीतीने गुंतले आहेत. अष्टकोनी मनोऱ्याची ही वास्तू 1886 साली खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. त्यापूर्वी जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना, एवढा पैसा इमारतीवर खर्चण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावावा, असे त्यांनी आग्रहाने मांडले होते. पुढे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे नगरपालिकेत गेले आणि त्यांच्या पुढाकाराने याच वास्तूस महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या वास्तूच्या खर्चास एका पुरुषाने विरोध केला, तीच त्याच्या नावाची झाली. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यांचे नाव दिले ते नाटककार होते आणि ज्यांनी दिले तेही नाटककार होते.

फुले नाटककार होते हे ऐकून कित्येक विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. 1848 साली त्यांनी मुलींची शाळा काढली तो भिडे यांचा वाडा मंडईपासून हाकेच्या अंतरावर होता, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु 1855 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे एक नाटक लिहिले, हे थोड्यांसच ठाऊक असते. त्याचे कथानक साधे आहे. एक गरीब कुणबी व त्याची गरोदर स्त्री यांना एक जोशी ग्रहदशेचे भय घालतो. शांतीच्या व ब्राह्मणभोजनाच्या नावाखाली त्यांस खर्चात पाडतो आणि ती बिचारी कर्जात बुडतात. मधून मधून विदूषक येऊन या फसवणुकीवर टीका करतो. शेवटी एक पादरी त्या कुणब्याशी बोलतो, विद्येचे महत्त्व त्यास उमगते आणि ती नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचा निश्चय करतात. विद्या हा मनुष्याचा तिसरा डोळा होय, हे या नाटकाचे तात्पर्य.

आम्हा ख्रिस्ती मंडळीस या नाटकातील पादरी चांगला रंगविलेला पाहून संतोष होणे साहजिक आहे. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, त्या शिक्षणाचे ते फळ आहे असेही आपण म्हणू. परंतु येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाटकाच्या शेवटी कुणबी देवळातही जात नाही आणि चर्चमध्येही जात नाही. तो शाळेत जातो. उपदेश करणारा कोणीही असो, डोळे उघडण्याचे काम ज्याचे त्याने केले पाहिजे, हा त्यातील मर्माचा भाग आहे.

हे नाटक त्या वेळच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले गेले. कमिटीने ते पसंत केले नाही, आणि या नापसंतीविषयीची आपली तक्रार फुले यांनी पुढे ‘गुलामगिरी’ या पुस्तकात नमूद करून ठेवली. त्यानंतर हे नाटक छापून लोकांसमोर यावयास 1979 साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे एक कुणबी व त्याची स्त्री कागदावर बोलत राहिली आणि त्यांचे बोलणे ऐकावयास कोणी नव्हते! आरसा फोडण्याची गरज नसते. तो नुसता पालथा घालून ठेवला तरी पुरे होते, असे या हकिकतीवरून आम्हास वाटते.

त्याच 1855 साली घडलेली दुसरी गोष्ट तुम्हा विद्यार्थ्यांच्या अधिक जवळची आहे. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखांविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रौढ नाटककाराचे नाटक अडून राहिले, पण एका शाळकरी मुलीचा निबंध छापला गेला. एकाने आपल्या समाजबांधवांचे दुःख पात्रांच्या मुखाने सांगितले, दुसरीने आपले दुःख आपल्याच मुखाने सांगितले. समाजदर्शनाच्या या दोन रीती आहेत. यापुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले असल्यामुळे तो नीट ध्यानात घ्यावा.

आता रंगभूमीकडे वळू. 1899 साली गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या वृद्ध श्रीमंतास देऊ पाहतो, असा त्याचा विषय. जरठकुमारी-विवाहाची चाल त्या काळी घरोघरी परिचयाची होती. म्हणून प्रेक्षकांस शारदा परकी वाटली नाही. हे नाटक पाहून कित्येक बापांस आपली लाज वाटली असेल. पुढे 1929 साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला, त्यास लोक ‘शारदा कायदा’ म्हणू लागले. तो ज्यांनी मांडला त्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून हे नाव पडले. परंतु मराठी माणसास त्यात देवलांची शारदाच आठवावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

तरीपण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शारदेचे दुःख खरे असले तरी तिची सुटका दुसरे करतात. कोदंड धावून येतो आणि लग्न मोडते. शिवाय ही शारदा रंगभूमीवर साकार करणारा पुरुषच होता, कारण कुलीन स्त्रीने रंगभूमीवर पाऊल ठेवू नये असा त्या काळचा दंडक होता. स्त्रीच्या दुःखाचे नाटक पुरुषाने लिहावे, पुरुषाने वठवावे आणि बहुतेक पुरुषांनीच पाहावे, अशी ती स्थिती होती. चित्रपटाचा आरंभही असाच झाला. दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. त्याच वर्षी काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले. त्या काळी या दोघींना लोकनिंदेस तोंड देण्यासाठी किती धैर्य लागले असेल, याची कल्पना आजच्या मुलींनी करून पाहावी.

दोन वर्षांनी, म्हणजे 1915 साली, गंगाधरपंत पाठक यांनी मंडईजवळ ‘आर्यन’ हे चित्रगृह उभारले. पुण्यातील पहिले कायमचे चित्रगृह म्हणून त्याची नोंद आहे. येथील मंडईचे स्थान आकस्मिक नव्हते, असे आम्हास वाटते. जेथे खेड्यांतून माल घेऊन शेतकरी येतो, हमाल पाटी उतरवितो, बागवान, माळी, कुणबी, ब्राह्मण, मुसलमान, ख्रिस्ती सर्वच जण पिशवी घेऊन हिंडतात, तेथे चार पैसे खर्चून खेळ पाहणाराही सहज मिळतो. मूकपटास तर भाषेचा अडसर नव्हता आणि वाचता येण्याचीही फारशी अट नव्हती. देवळात ज्यांस मज्जाव, ते येथे एका छपराखाली, स्वस्त व महाग जागेचा भेद सोडता, बरोबर बसले. आज ‘आर्यन’ नाही. त्या जागी वाहनतळ आहे, आणि जवळच्या ‘मिनर्व्हा’ चित्रगृहाचीही तीच गत झाली. जुने पुणेकर मात्र अजून ‘आर्यनपाशी भेटू’ असे म्हणतात; त्यांना गाडी लावण्याची जागा अभिप्रेत असते.

1925 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. देवदेवतांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा सोडून एक कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणण्याचे धाडस त्यांनी केले. सावकाराच्या कागदावर जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी येऊन उभा राहतो, ही ती कथा. ‘तृतीय रत्ना’तील कुणबी आणि हा शेतकरी हे एकमेकांचे सख्खे भाऊ होत, एकास भीतीने नागविले, दुसऱ्यास कागदाने. दोघांच्याही अनर्थाचे मूळ अक्षरशत्रुत्वात आहे. यात शेतकऱ्याची भूमिका करणारे तरुण शांताराम राजाराम वणकुद्रे पुढे व्ही. शांताराम या नावाने विख्यात झाले.

याच शांताराम यांनी सहकाऱ्यांसह 1929 साली कोल्हापुरात स्थापिलेली प्रभात फिल्म कंपनी 1933 साली पुण्यास आली. तिच्या 1937 सालच्या ‘कुंकू’ या बोलपटाची तुलना ‘शारदा’ नाटकाशी केल्यास आमचा मुद्दा स्पष्ट होईल. विषय तोच, वयस्क वकील काकासाहेब आणि फसवून त्यांच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हे कथानक घेतलेले आहे. परंतु नीरा कोदंडाची वाट पाहत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे ती स्वतः सांगते, त्याच घरात राहून सांगते, आणि रोज वागून दाखविते. शांता आपटे या नटीने ही नीरा अशी काही वठविली की, पाहणाऱ्यास तिची कीव येत नाही, तिचा धाक वाटतो. उलट काकासाहेब हा राक्षस दाखविलेला नाही. केशवराव दाते यांनी रंगविलेला तो एक सुशिक्षित, सभ्य गृहस्थ आहे, आणि आपल्या हातून अन्याय झाला हे कळल्यावर तो आतून मोडून पडतो. आम्हास येथे मोठा बोध दिसतो. अन्याय करणारा नेहमी मिशा पिळणारा खलपुरुष असतो असे नाही. तो पुष्कळदा आपल्यासारखा भला माणूस असतो. खलपुरुष पाहून प्रेक्षक निर्धास्त घरी जातो, भला माणूस पाहून तो अस्वस्थ होतो. अडतीस वर्षांत शारदेची नीरा झाली, रडणारीची बोलणारी झाली, ही मराठी समाजाची प्रगती त्या दोन कृतींवरून मोजता येते.

प्रभातचा 1941 सालचा ‘शेजारी’ही असाच. हिंदू व मुसलमान अशा दोन वृद्ध मित्रांत धरणाच्या कामावरून फूट पाडली जाते आणि शेवटी धरण फुटते त्या प्रलयात दोघेही एकमेकांसाठी प्राण देतात. याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मुसलमान मिर्झाचे काम गजानन जागीरदार या हिंदू नटाने केले आणि हिंदू ठाकुराचे काम मझहर खान या मुसलमान नटाने केले. दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरून त्याचे सुखदुःख भोगण्याचा हा प्रयोग देशात द्वेषाचे वारे वाहत असताना झाला, म्हणून त्याची थोरवी अधिक.

या ओघात आपल्या समाजातील एका नटाचे स्मरण करणे उचित होईल. अहमदनगर, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, तेथील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात 1918 साली जन्मलेले शाहू मोडक हे पडद्यावरील श्रीकृष्ण म्हणून घरोघरी पूजले गेले. 1940 सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ या चित्रपटात तेच ज्ञानेश्वर झाले. तत्पूर्वी 1939 सालच्या ‘माणूस’मध्ये वेश्येस माणुसकीने वागविणारा शिपाई गणपत त्यांनीच उभा केला. ख्रिस्ती घरातील मुलाने ज्ञानेश्वर व्हावे आणि वारकरी प्रेक्षकाने हात जोडावेत, ही महाराष्ट्राच्या मनाची थोर बाजू होय. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ख्रिस्ती नट कृष्ण झाला. पडद्यावरचा ख्रिस्ती मनुष्य मात्र बहुधा बाटली, मोडकी भाषा आणि विलायती पोशाख यांतच अडकून राहिला. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या लोकप्रिय हिंदी चित्रपटातील अँथनी मनाचा उदार आहे, हे खरे. पण धंदा त्याचा दारूच्या गुत्त्याचा! घरी मराठी बोलणारा, रेव्हरंड टिळकांची भजने म्हणणारा, शाळेत वा इस्पितळात नोकरी करणारा ख्रिस्ती शेजारी पडद्यावर आपल्याला कितीदा भेटला? लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’वर विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटासारखी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. हे आम्ही गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. आपल्यावरून दुसऱ्याची व्यथा ओळखता यावी, म्हणून सांगतो.

कारण हा दोष केवळ चित्रपटवाल्यांचा नाही, तो आमच्याही हातून घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत स्नेहसंमेलनाची नाटुकली बसविण्याचे काम आमच्याकडे असे. मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईंचा मुलगा आमच्या वर्गात होता. आवाज खणखणीत, पाठांतर उत्तम. लागोपाठ तीन वर्षे आम्ही त्यास घरगड्याचे काम दिले, आणि ते तो इतके झकास करी की, प्रेक्षक टाळ्या वाजवीत. तिसऱ्या वर्षी खेळ संपल्यावर त्याची आई आम्हास भेटली. पदर सावरीत ती म्हणाली, “सर, पोरगं ग्वाड बोललं. पण दरसाली त्याला गड्याचंच काम का वो देता?” तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न अधिक लागला. त्याची बोली ‘तशी’ आहे म्हणून, हे खरे उत्तर आमच्या ओठांवर आले आणि तेथेच थबकले. त्याच्या बोलीत राजा बोलू शकत नाही, हे आम्हास कोणी शिकविले होते? पाहिलेल्या शेकडो नाटक-चित्रपटांनीच ना! आम्ही वर्गात ‘नाटक हा समाजाचा आरसा’ असे शिकवीत होतो, आणि संमेलनात त्या मुलास आरशाऐवजी साचा देत होतो. त्या माउलीस आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही, दिले नसावेच. पुढील वर्षी तो मुलगा शाळा सोडून गेलेला होता, म्हणून ती चूक दुरुस्त करण्याची संधीही आम्हास मिळाली नाही.

अलीकडच्या काळात मात्र हा साचा मोडू लागला आहे. अत्रे यांनी फुले यांच्या चरित्रावर काढलेल्या चित्रपटास मराठीतील उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. तो 1954 सालचा. त्यात फुले यांची भूमिका बाबूराव पेंढारकर या कसलेल्या नटाने केली होती. त्यानंतर गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांनी फुले यांच्यावरच ‘सत्यशोधक’ हे नाटक लिहिले, आणि 2012 साली अतुल पेठे यांनी ते पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांस घेऊन रंगभूमीवर आणले. पहाटे जे हात शहराचे रस्ते झाडीत, तेच हात सायंकाळी जोतीरावांच्या मुखातील विचारांस हावभाव देऊ लागले. मुक्ता साळवे हिने निबंधात जे केले, तेच येथे नाटकात घडले.

2014 साली प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटाचेही तसेच. गावकुसाबाहेरील जब्या या शाळकरी मुलाची ती कथा. सोमनाथ अवघडे या खेड्यातील मुलाने, ज्याने पूर्वी कधी चित्रपटात काम केले नव्हते, ती भूमिका केली आणि बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. त्यातील एक दृश्य पालकांनीही पाहावे असे आहे. पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्या व त्याच्या घरची माणसे शाळेच्या भिंतीवरून चालली आहेत, आणि त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे रंगविलेली आहेत. कोणी काही बोलत नाही. भिंतीवर चित्रे काढणे किती सोपे आणि भिंतीच्या आत त्या मुलास सन्मानाने बसविणे किती कठीण, हे ते दृश्य आम्हा शिक्षकांस सांगून जाते.

असो. आता विद्यार्थ्यांनी करावयाचे काय? नाटक-चित्रपट पाहू नका, असे आम्ही सांगणार नाही. ते सांगून कोणी ऐकलेले आमच्या पाहण्यात नाही. पाहा, पण पाहताना चार प्रश्न मनाशी ठेवा. पहिला : या कथेत दुःख भोगणारा स्वतः बोलतो, की त्याच्या वतीने दुसराच बोलतो? दुसरा : त्याची सुटका तो स्वतः करतो, की कोणी थोर पुरुष येऊन करतो? तिसरा : विशिष्ट जातीचा, धर्माचा वा बोलीचा मनुष्य दर वेळी एकाच प्रकारचा का दाखविला जातो; हसे कोणाचे होते आणि कोणाचे कधीच होत नाही? चौथा व सर्वांत कठीण : या कथेत आपण कोठे आहोत, नीरेच्या जागी की काकासाहेबांच्या?

पालकांस एकच विनंती. मुलांबरोबर चित्रपट पाहिल्यावर घरी परतताना केवळ गाण्यांविषयी व नटांविषयी बोलू नये. वरीलपैकी एक तरी प्रश्न मुलास विचारावा. त्याचे उत्तर चुकले तरी चालेल. प्रश्न विचारण्याची सवय लागली म्हणजे तिसऱ्या डोळ्याची पापणी हलू लागली असे समजावे.

याकोबाच्या पत्रात एका मनुष्याचा दृष्टांत आहे. तो आरशात आपले मुख पाहतो, निघून जातो आणि आपण कसे होतो ते लगेच विसरतो. शंभरांवर वर्षे आपण नाटकांच्या व चित्रपटांच्या आरशांत पाहत आलो आहोत. डोळे पुसत बाहेर पडतो आणि मंडईच्या कोपऱ्यावर भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालताना सारे विसरून जातो. तसे होऊ नये. पुढच्या खेपेस मंडईत जाल, तेव्हा त्या मनोऱ्याकडे एकदा वर पाहा, ज्यांचे नाव त्यास आहे त्यांचे सव्वाशे वर्षे अडून राहिलेले नाटक आठवा, आणि मग समोर पाटी घेऊन बसलेल्या बाईशी बोला. तिचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, हे विचारा. आमच्या या पाठाचा गृहपाठ तेवढाच आहे.